थंडीत पिझ्झा ओव्हनचा घुमट: तंबूत बांधायचा की थांबायचं?

चौथरा झालाय, वरचा स्लॅब झालाय, फायरब्रिकची (उष्णता सोसणाऱ्या भट्टीच्या विटांची) थप्पी गॅरेजमध्ये येऊन पडलीये आणि नेमका रात्रीचा पारा ४ अंशाच्या खाली जायला लागलाय, अशा ठिकाणी तुम्ही अडकला असाल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. इथून दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे ओव्हनवर तंबू उभारायचा, आत हीटर लावायचा आणि घुमट आत्ताच चढवायचा. दुसरा, हिवाळाभर गॅरेजमध्ये विटा कापायच्या, कोरड्या रचून बघायच्या, आणि माल (विटा जोडायचं सिमेंट-चुन्याचं मिश्रण) लावायचा तो थंडी सरल्यावर. मी पहिला ओव्हन आमच्या अंगणात तंबूत बांधला. दुसरा दोन वर्षांनी मेव्हण्याकडे, तेव्हा थांबलो. दोन्ही आतून ४२ इंची, दोन्ही आजही व्यवस्थित चालतात, त्यामुळे एक रस्ता चूक असं मी म्हणणार नाही.

चौथराच अजून ओतायचा असेल तर मात्र विचार करायचं कारण नाही, थांबाच. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतलं की पुढे माती वितळून खचते, आणि इतकं वजन डोक्यावर घेऊन एक कोपरा बसला की वरचा घुमट कितीही चांगला बांधलेला असो, त्याला तडा जाणारच.

पारा ४ अंशाच्या खाली असेल तर माल लावायचा नाही, हा नियम बहुतेकांना माहीत असतो, पण सगळे तो हवेपुरताच लक्षात ठेवतात आणि गडबड होते ती विटेत. एक फायरब्रिक साधारण साडेतीन किलोची, आणि तिला लावलेला माल किती तर ओंजळभर. रात्रभर बाहेर राहिलेली थंडगार वीट घेतली की कोमट पाण्यात कालवलेला माल सुद्धा मिनिटाभरात गारठतो. सिमेंटची क्रिया मंदावते, चुन्याची तर त्याहून जास्त, आणि सांध्यातलं पाणी कडक व्हायच्या आधी गोठलं तर ते ९ टक्क्यांनी फुगतं आणि माल आतून भुसभुशीत करून टाकतं. वरून तो सांधा चांगला दिसतो, नखाने खरवडला की वाळू हातात येते. तंबू करा नाहीतर करू नका, आदल्या रात्री विटा घरात आणून ठेवायच्या हे मी कुणालाही सांगेन. आणि थंडीसाठी म्हणून मालात मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका, जवळच्या सळया आणि कमानीची लोखंडी अँगल गंजते.

तंबूची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर ताडपत्री, एका रविवारात उभा राहतो. हिवाळ्यात अंगणातली बाकी कामं बंद असतात, संध्याकाळी दोन तास मोकळे मिळतात, आणि घुमटाचं काम तसंही घाईचं नाही. ४२ इंची घुमटाला बारा-तेरा रद्दे (विटांचे गोल थर) लागतात, रोज अर्धा-पाऊण रद्दा झाला तरी महिन्याभरात कळसाची वीट बसते. मधल्या खिळ्यावर फिरणारा दांडा घेऊन प्रत्येक वीट त्याच अंतरावर बसवायची, ती तिथे धरून ठेवायची, आणि बाहेर बर्फ पडत असताना आत बसून हे करण्यात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या ओव्हनला मिळालं नाही हे कबूल करतो. वसंत सुरू होता होता जाळ पेटवायला तयार, हा फायदा लहान नाही.

पण माझ्यासाठी सगळं फिरलं ते एका गोष्टीवर, ती म्हणजे तंबूच्या छतावरून ठिबकणारं पाणी. थंडी धोका आहे हे ठाऊक होतं, त्याची तयारी पण केली होती, पाण्याचा विचारच केला नव्हता. मी गॅसचा हीटर लावला होता, ज्याला धुरांडं नसतं तसला. पाचवा रद्दा लावून झोपलो, सकाळी बघतो तर ताडपत्रीच्या आतल्या बाजूला दव नाही, चक्क थेंबांची रांग, आणि ते थेंब बरोबर ताज्या सांध्यांवर. चुना धुऊन निघालेला, विटांवर पांढरे ओघळ, सांध्यांना बारीक बारीक खळगे. मला आधी वाटलं कुठून तरी पाऊस आत आला असेल, ताडपत्री तपासत बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, १ किलो गॅस जाळला की दीड किलोहून जास्त, म्हणजे रात्रीत ४ किलो गॅस संपला तर साडेसहा लिटर पाणी मी स्वतःच त्या तंबूत वाफेच्या रूपात सोडत होतो. ती वाफ थंड ताडपत्रीला लागते आणि खाली पडते, दुसरं काय होणार.

मग गॅस बंद करून इलेक्ट्रिक हीटर आणला. फरक पडला, पण संपूर्ण नाही, कारण माल, ओल्या विटा, खालचा व्हर्मिक्युलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या हलक्या खनिजाचा) थर सगळेच पाणी सोडत असतात आणि ताडपत्री थंड ती थंडच. आत दुसरं प्लास्टिक उतरतं लावलं, म्हणजे थेंब ओघळून कडेला जातील असं, त्याने बरंच भागलं. तरी पुढचे दोन आठवडे रात्री तीनला गजर लावून बाहेर जाऊन बघणं काही सुटलं नाही. एका रात्री वाऱ्याने प्लास्टिकचा कोपरा सुटला आणि पुन्हा तेच. थंडी मला सहन होते, काम सहन होतं, पण आपण जपून केलेलं काम रात्रभर थेंबाथेंबाने खराब होतंय आणि आपण झोपलोय, ही भावना मला फार त्रासदायक झाली. कुणाला कदाचित एवढं वाटणार नाही.

गॅसच्या हीटरचं दुसरंही एक आहे. बंद तंबूत त्याच्यासोबत बसून काम करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर अजिबातच नाही. हे मी गंभीरपणे सांगतोय, वास येत नाही त्याला.

ते पाणी पुढे कुठे गेलं तर खाली, फरशीखालच्या इन्सुलेशनमध्ये. तिथे व्हर्मिक्युलाइट काँक्रीट आणि त्यावर कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड, दोन्ही स्पंजसारखे पितात. कोरडं असेल तोवरच ते इन्सुलेशन, ओलं झालं की उष्णता सरळ खाली स्लॅबमध्ये. माझ्या सुरुवातीच्या जाळांना घुमट आतून काळ्याचा पांढरा होत होता तरी फरशी तापत नव्हती, दुसऱ्या पिझ्झालाच खालची बाजू फिकी राहायची. चौथऱ्याला खालून हात लावला की दमट आणि कोमट. नवा ओव्हन सुकवायचे लहान जाळ नेहमी आठवडाभर पुरतात, पहिल्या दिवशी १५० अंशाच्या आसपास आणि मग रोज तीसेक अंश वाढवत. मला तीन आठवडे लागले, आणि बाहेर गोठलेली हवा नि आत जाळ असल्यामुळे एक केसाएवढी चीर दारापासून वर गेलीच. चीर निरुपद्रवी आहे, अशा बहुतेक ओव्हनना असतात, पण मेव्हण्याच्या ओव्हनला नाहीये. एका-एका ओव्हनवरून नियम काढता येत नाही हे खरं, तरी मला त्यात अर्थ वाटतो.

आता थांबण्याचं. हे ऐकायला आळशी वाटतं, पण मेव्हण्याकडे त्या हिवाळ्यात आम्ही जेवढं काम केलं तेवढं मी तंबूत सुद्धा केलं नव्हतं. घाई नसल्यामुळे प्रत्येक वीट नीट कापली. नुसती अर्धी वीट लावत गेलं की आत फट लहान आणि मागे पाचर भरायला मोठी जागा राहते, सगळा भार मालावर येतो. आम्ही प्रत्येक रद्द्याचा पुठ्ठ्याचा साचा करून बाजूंना निमुळता छेद दिला, तेव्हा सांध्याची फट दोन-तीन मिलिमीटरवर आली. माल जितका कमी तितकं चांगलं, कारण उष्णतेने झिजतो तो मालच, वीट नाही. दाराची कमान घुमटाला जिथे भेटते तिथले वेडेवाकडे छेद तर चार-चार वेळा करून बघितले, एकेका विटेला अख्खी संध्याकाळ गेली. तंबूत हीटर चालू असताना एवढा धीर मला राहिला नसता.

यातही त्रास आहेत, लपवत नाही. गॅरेज चार महिने अडकतं. पाण्यावर चालणारी कटिंग मशीन वापरायची (कोरडी कापली तर सिलिकाची धूळ उडते, फुप्फुसांना फार वाईट, मास्क तरी चांगला हवाच) आणि रोज रात्री तिचा पंप, नळी रिकामी करायची, नाहीतर गोठून फुटते. कापलेल्या विटा पाणी पितात, त्या घरात दोन-चार दिवस सुकू द्यायच्या. आणि कोरडी रचना एका मर्यादेपर्यंतच खरी ठरते, सहाव्या-सातव्या रद्द्यानंतर विटा घसरतात म्हणून वर रचताच येत नाहीत, शिवाय मालाची जाडी धरलेली नसते, त्यामुळे आम्ही विटांवर टाकलेले नंबर आठव्या रद्द्याला एका विटेने चुकले. वरचे तीन-चार रद्दे शेवटी जागेवरच कापावे लागले. म्हणून खालचे सात आणि कमान एवढंच हिवाळ्यात करा, वरचं सोडा.

मग हवा सुधारली तेव्हा चार शनिवार-रविवारांत घुमट उभा राहिला. वर छताला ताडपत्री तेव्हाही होती, पण बाजू उघड्या, वारा खेळता, थेंब नाहीत. रात्री झोपलो की सकाळीच उठलो.

मालाबद्दल एक गोष्ट, कारण ती निर्णयात मोजावी लागते. वाळू ३ भाग आणि सिमेंट, चुना, फायरक्ले (भट्टीची माती) प्रत्येकी १, हा घरगुती माल हळू कडक होतो, त्यामुळे तंबूत त्याला दिवसच्या दिवस जपावं लागतं. कॅल्शियम अल्युमिनेट सिमेंटचा तयार माल महाग पडतो पण बहुतेक ताकद पहिल्या २४ तासांतच पकडतो, म्हणजे पहारा एका रात्रीवर येतो. तंबूच करायचा असेल तर पैसे इथे घाला, पिशवीवर दिलेलं किमान तापमान मात्र पाळा. आणि नुसता हवेवर सुकणारा भट्टीचा माल असतो तो या हवेत घेऊ नका, ओलसर थंडीत तो सुकतच नाही आणि भाजला जाईपर्यंत पाण्याने विरघळतो.

तंबू कुणी करावा? ज्यांच्याकडे रात्री शून्याच्या जेमतेम खाली जातं, दिवसा सात-आठपर्यंत चढतं, ओव्हनपर्यंत वीज पोचते आणि चार-पाचच रद्दे उरलेत, त्यांनी खुशाल करावा. मी तेव्हा केलं नाही ते तुम्ही करा, अख्खा तंबू तापवण्यापेक्षा घुमटाच्या आत १०० वॉटचा जुन्या प्रकारचा बल्ब लोंबकळत सोडा आणि वरून गोधडी टाका. विटाच कोमट राहतात, हवा तापवावी लागत नाही, थेंबांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. हे मला आधी कळलं असतं तर कदाचित मी आज इतक्या ठामपणे थांबा म्हणालो नसतो. पण ज्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे पारा शून्याच्या वर येत नाही आणि अजून पहिला रद्दाही लागला नाही, त्यांनी माझ्या मते मशीन गॅरेजमध्ये घ्यावी.

थांबायचं ठरवलंत तर व्हर्मिक्युलाइटचा थर आत्ता ओतू नका, तो हिवाळाभर पाणी धरून बसेल आणि गोठेल. स्लॅब झाका, पण ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या आडव्या ठेवून हवा जायला फट सोडा. आणि विटांवर नंबर जाड मेणखडूने टाका, पेन्सिलचे आकडे मशीनच्या पाण्यात धुऊन जातात, आमच्या पहिल्या वीस विटांचे गेले.