तुर्भ्याच्या गाळ्यातील प्रकाशशिल्पे: काय पाहावे, काय घ्यावे

समकालीन कला पाहायची म्हटले की नवी मुंबईकरांची पावले अजूनही खाडी ओलांडून काळा घोड्याकडेच वळतात. जहांगीर आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तिथे असल्याने ते स्वाभाविकही आहे. पण प्रकाश, इलेक्ट्रॉनिक्स आणि कारखान्यांतून किंवा बंदरातून टाकून दिलेला माल यांच्यापासून घडवलेली कला पाहायची असेल, तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातच, तुर्भे एमआयडीसीतील एका गाळ्यात, आता एक चांगले ठिकाण झाले आहे. पुढचा अर्धा भाग विक्रीदालन आणि मागचा अर्धा भाग कार्यशाळा अशी त्याची रचना आहे. दोन्हींच्या मध्ये भिंत नाही, त्यामुळे मांडलेली कलाकृती पाहता पाहता तिच्यासारखीच दुसरी टेबलावर उघडी पडलेली, तारा बाहेर आलेल्या अवस्थेतही पाहता येते. असा उघडेपणा कलादालनांत क्वचितच आढळतो, आणि या ठिकाणाविषयी विश्वास वाटू लागतो तो तिथूनच.

दिवे वापरलेल्या कोणत्याही कलाकृतीला मी एकच कसोटी लावते. तिच्यातला प्रकाश बाहेरून टाकलेला आहे की तिच्या घडणीतच आहे? एखाद्या चित्रामागे एलईडीची पट्टी चिकटवली की ते उजळते, पण पट्टी काढली तरी चित्र तेच राहते. त्या प्रकाशाने काही घडवलेले नसते. याउलट साहित्याचा स्वभावच प्रकाशाला अडवतो, वाकवतो किंवा गाळतो, तेव्हा दोहोंना वेगळे काढता येत नाही. दालनातील तरुण शिल्पकाराला हे पक्के ठाऊक असावे, कारण मोठ्या कलाकृतीपुढे मला उभे करून त्याने आधी तिचा खटका बंद केला आणि म्हणाला, “ताई, आधी अशीच बघून घ्या. लावतो मग.”

ती कलाकृती म्हणजे दिवाळे गावच्या कोळ्यांनी टाकून दिलेले एक जुने जाळे. साधारण आठ फूट उंचीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ते थोडे सैल सोडून ताणले आहे. नायलॉनच्या तंगुसाचे हे जाळे उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने फिकट, किंचित दुधी झालेले आहे. काही ठिकाणी ते फाटून पुन्हा विणलेले आहे, आणि त्या विणीचा धागा मूळ धाग्यापेक्षा जाड आहे. खालच्या कडेच्या शिशाच्या गोळ्याही तशाच ठेवल्या आहेत. बंद अवस्थेत एवढे नीट दिसते, आणि तेवढ्यावरही ते पाहण्याजोगे आहे.

खटका लावल्यावर जाळ्याच्या पायथ्याशी, चौकटीच्या आत दडवलेले एलईडी हळूहळू उजळतात. प्रकाश धाग्यावर पडतो तसा थोडा धाग्याच्या आतही शिरतो आणि आतल्या आत परावर्तित होत काही अंतर जातो. जिथे धागा वाकतो, खरचटलेला असतो किंवा त्याला गाठ असते, तिथे हा आतला प्रवास मोडतो आणि प्रकाश बाहेर सांडतो. परिणामी गाठ न् गाठ ठिपक्यासारखी उजळते, आणि दुरुस्त केलेला भाग उरलेल्या जाळ्यापेक्षा अधिक तेजस्वी दिसतो. जे हात ते जाळे विणत आणि सांधत आले, त्यांचे काम या प्रकाशातच उठून दिसते. कुणी ते शब्दांत सांगितले असते तर भाबडे वाटले असते. इथे ते साहित्याच्या गुणधर्मातून आपोआप घडते, म्हणून मनाला भिडते.

शिवाय ही कलाकृती खाडीच्या भरती-ओहोटीप्रमाणे चालते. प्रकाश तळापासून वर चढायला साधारण सहा तास घेतो आणि तेवढ्याच वेळात उतरतो. मला सर्वांत आवडली ती त्यामागची गणना. आत घड्याळाची एक चिप आणि छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारी संगणक-चिप, आहे; तो इंटरनेटवरून काहीही मागवत नाही, तर तिथी काढून तिची पाऊणपट करतो. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींना हा हिशेब तोंडपाठ असतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीमागे पाऊण तास धरणारे हे गणित त्याच्या बरेच जवळ जाते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, प्रकाश चौकटीच्या माथ्याला टेकतो; भांगेच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत तो निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबतो. हे सारे इतके संथ चालते की समोर उभे राहून हालचाल जाणवतच नाही. चहा घेऊन, बाकीचे दालन पाहून परत आले की पाणी चढले आहे हे कळते. गणिताचा ठोकळपणा शिल्पकाराने लपवलेला नाही. खाडीत जसजसे आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून प्रत्यक्ष वेळेशी काही मिनिटांचा फरक पडेल असे शेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहिले आहे.

दुसरी उल्लेखनीय मालिका जाड पारदर्शक ॲक्रिलिकची आहे. कडेने आत सोडलेला प्रकाश ॲक्रिलिकच्या पृष्ठभागावर पुरेसा तिरका पडला, म्हणजे लंबाशी सुमारे 42 अंशांपेक्षा मोठा कोन करून आला, की बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो; कोरलेली रेघ आली की मात्र तो तिथेच निसटतो. ही युक्ती दुकानांच्या पाट्यांवर सर्वत्र दिसते, त्यामुळे तिचे नावीन्य राहिलेले नाही. इथे फरक कोरण्यात आहे. काही पत्र्यांवर लेझरने कोरलेल्या सरळ, एकसारख्या रेघा आहेत, तर काहींवर हाताने सुईने ओढलेल्या. हाताने ओढलेल्या रेघेची खोली जागोजागी बदलत असल्यामुळे तिच्यातून निघणारा प्रकाशही कमी-जास्त होतो, आणि रेघ श्वास घेत असल्यासारखी वाटते. घ्यायचे असेल तर हाताने कोरलेलेच घ्यावे. त्यातलेच एक छोटे काम मी ऐरोलीच्या घरी लावले आहे आणि त्याबद्दल पूर्ण समाधानी आहे.

डायक्रोइक फिल्मची लटकती शिल्पे देखणी आहेत, पण त्यांत फिल्मच्या गुणापलीकडे फारसे काही घडत नाही. रंगद्रव्य नसताना अतिपातळ थरांमुळे एक रंग परावर्तित होतो आणि दुसरा आरपार जातो, हे पाहायला छान वाटते; लहान मुले तिथे रेंगाळतात, तेवढेच.

धुक्याच्या पडद्याचा प्रयोग मात्र फसला आहे. पाण्यात बुडवलेल्या अल्ट्रासॉनिक चकत्यांनी तुषार तयार करायचे, पंख्याने ते खाली सोडायचे आणि त्यांवर प्रोजेक्टरने अक्षरे टाकायची, अशी योजना आहे. या माध्यमात मुंबईच्या जितिश कल्लाट यांच्या ‘कव्हरिंग लेटर’ (2012) या कलाकृतीने केवढी उंची गाठली आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. गांधीजींनी 1939 साली हिटलरला लिहिलेले पत्र तिथे धुक्याच्या पडद्यावर उमटते आणि पाहणारा त्यातून चालत जातो. 2019 च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात भारताच्या दालनातही ती मांडली होती. तिथे धुक्याचा विरळपणा हाच त्या पत्राचा अर्थ होतो, कारण ज्याच्यासाठी ते लिहिले त्याच्यापर्यंत ते कधी पोहोचलेच नाही. तुर्भ्याच्या पडद्यावर सुविचार आणि ऋतूंची नावे येतात, आणि ती धुक्यावरच का यावीत याचे उत्तर मिळत नाही. शिवाय पंख्याची घरघर एवढी मोठी आहे की शेजारच्या जाळ्यापुढे शांतपणे उभे राहता येत नाही. तो पडदा तिथून हलवावा, किमान जाळ्याजवळ तरी ठेवू नये.

वारली आकृत्यांची उजळणारी चौकटही इथे विक्रीला आहे, आणि तिच्याबद्दल मला कडक बोलावेसे वाटते. वारली चित्रकला ज्या ठाणे जिल्ह्यात फुलली, आणि 2014 नंतर जिच्या मोठ्या परिसराची ओळख पालघर जिल्हा अशी झाली, तिथे गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. त्या चित्राचे सारे बळ गडद खरबरीत भिंत आणि मऊ पांढरी रेघ यांच्यातील फरकात आहे. इथे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचे फेर गुळगुळीत ॲक्रिलिकवर छापून मागून निळा प्रकाश सोडला आहे. भिंत गेली, पीठ गेले, उरले ते फक्त आकार. एवढ्या विचारी कार्यशाळेने असले काम विक्रीला ठेवू नये. ते लवकर खपते, असे सांगण्यात आले. तरीही माझे मत बदलत नाही.

आता व्यवहाराकडे. अशा कलाकृती घरी आल्यावर दोनचार वर्षांतच बिघडतात, हा अनेकांचा अनुभव आहे, आणि दोष बहुधा एलईडीचा नसतो. आधी जातो तो त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर किंवा एसएमपीएस. नळीदिव्यांच्या काळातही हा प्रश्न होताच. अमेरिकी कलावंत डॅन फ्लॅविन यांनी 1963 पासून बाजारात सहज मिळणाऱ्या नळीदिव्यांतून आपली शिल्पे उभी केली, आणि तशा नळ्या बाजारातून जाऊ लागल्या तेव्हा त्या कलाकृती जपणाऱ्या संग्रहालयांपुढे मोठाच पेच उभा राहिला. तुर्भ्याच्या कार्यशाळेने हा विचार आधीच केला आहे. वीजपुरवठ्याचा भाग चिकटवलेला नसून चार स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर ठळक लिहिलेले असतात, आणि कलाकृतीसोबत जोडणीचा आराखडा कागदावर मिळतो. उद्या ही मंडळी गाळा सोडून गेली तरी जवळचा कुठलाही जाणता इलेक्ट्रिशियन दुरुस्ती करू शकेल. माझ्या कामाचा ॲडॉप्टर पावसाळ्यात गुणगुणू लागला होता. फोन केल्यावर त्यांनी तो विनातक्रार बदलून दिला आणि खाडीकाठच्या दमट, खारट हवेत कनेक्टर गंजतात म्हणून त्यांवर संरक्षक लेपही दिला.

एक तांत्रिक उणीव त्यांनी तातडीने दूर करायला हवी. प्रत्येक एलईडीचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या 5 व्होल्टच्या पट्ट्या ते वापरतात. अशा पट्टीचा एकेक दिवा पूर्ण पांढरा लागला की साधारण 60 मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतो, म्हणजे 300 दिव्यांना 18 अँपिअर लागू शकतात. एवढा प्रवाह एकाच टोकाने सोडला की दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज पडते. निळ्या दिव्याला लालपेक्षा अधिक व्होल्टेज लागत असल्यामुळे तो आधी मंदावतो आणि पांढरा रंग पिवळसर, मग तांबूस होत जातो. प्रवेशाजवळ लावलेल्या लांब आडव्या शिल्पात हे उघड दिसते. पट्टीला दोन्ही टोकांनी आणि मध्येही वीज दिली की हा दोष जातो, आणि जाळ्याच्या कलाकृतीत त्यांनी ते केलेलेही आहे. मग पहिल्याच नजरेत भरणाऱ्या शिल्पात का नाही?

किमती लहान ॲक्रिलिकच्या कामांसाठी पंधरा हजारांच्या आसपास सुरू होतात आणि मोठ्या कामांच्या लाखांत जातात. सोसायटीच्या प्रवेशद्वारासाठी किंवा दवाखान्यासाठी मागणीनुसारही काम करून मिळते. त्यांचा आग्रह असतो की ग्राहकाने जागा दाखवावी, तिथे दिवसा किती उजेड येतो हे त्यांना मोजू द्यावे आणि साहित्य त्यांना निवडू द्यावे. हा आग्रह मान्य करावा, असे माझे मत आहे. वॉरंटी एक वर्षाची आहे. एवढ्या किमतीला ती निदान तीन वर्षांची हवी.

तुर्भे स्थानकावरून रिक्षाने जाता येते. मात्र एपीएमसीकडे जाणाऱ्या ट्रकांची गर्दी टाळायची असेल तर दुपारी निघावे आणि संध्याकाळपर्यंत थांबावे, कारण शटर अर्धे खाली आल्यावरच मोठी कामे नीट दिसतात. खरेदीआधी कलाकृती मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावी. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवे फार कमी वारंवारतेने उघडझाप करत आहेत असे समजावे आणि ड्रायव्हर बदलून मागावा. जाळ्याची कलाकृती घरात मावणारी नाही. वाशी, नेरूळ किंवा बेलापूरच्या एखाद्या सार्वजनिक इमारतीने ती घ्यावी असे मनापासून वाटते. तोपर्यंत ती गाळ्यातच आहे, आणि जायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडावा.