मीटरवर १९ हजार, सर्व्हिसच्या नोंदीत ५२ हजार

गेल्या डिसेंबरात मी ठाण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून २०१८ची कावासाकी निंजा १००० घेतली. किंमत ६ लाख ८५ हजार, मीटरवर १९,४०० किलोमीटर. दुकानदार म्हणाला, "दादा, सिंगल हॅन्ड आहे. डॉक्टरांची गाडी. रविवारी सकाळी एकटेच काढायचे, बाकी आठवडाभर कव्हरखाली." मी विश्वास ठेवला आणि फसलो. दुसरं कुणी असं फसू नये म्हणून हे सगळं लिहितोय.

ही गाडी लांब पल्ल्यासाठीच बनवलेली आहे. १०४३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, १९ लिटरची टाकी, हाताने तीन टप्प्यांत वर-खाली होणारी काच आणि दोघांना दिवसभर बसता येईल अशी बैठक. शंभरच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास शांतपणे फिरत असतं. आम्हा नवराबायकोला कन्याकुमारीपर्यंत जायचं होतं, त्यासाठी हीच गाडी हवी होती. पण तिच्या याच गुणाने माझा घात केला. चांगली ठेवलेली चार सिलिंडरची गाडी वीस हजारांवर जशी वाजते, जवळजवळ तशीच पन्नास हजारांवरही वाजते. आवाज ऐकून आणि एक चक्कर मारून तिचं वय कळत नाही. मी मात्र तेवढंच केलं.

बायकोला कळलं होतं. ती मागे बसून बघत होती. उतरल्यावर म्हणाली, "डॉक्टर एकटेच चालवायचे ना? मग मागच्याने पाय ठेवायच्या फूटपेगची रबरं इतकी कशी झिजली?" दुकानदार हसून म्हणाला, "वहिनी, धुताना घासली जातात." मीही तिला गप्प केलं. याचं मला आजही वाईट वाटतं. त्या रबरांवरच्या रेघा पार गेल्या होत्या. बाजूच्या पेट्या जिथे अडकवतात तिथला रंगही उडाला होता. वर्षानुवर्षं पेट्या चढवल्या-उतरवल्याच्या त्या खुणा होत्या.

टायर दोन्ही नवेकोरे होते. मला ती जमेची बाजू वाटली. मागचा १९० मिलिमीटर रुंदीचा टायर हायवेवर सरळ पळून पळून मधोमध सपाट होतो. ती सपाटी बघितली असती तर गाडी कुठे आणि किती फिरली ते मला तिथेच कळलं असतं. नव्या टायरमुळे तो पुरावाच गेला होता.

ठाण्याहून पुण्याला परत येताना एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या हायवेने आलो. खंडाळ्याच्या घाटात वळणावर हँडल मध्यावर किंचित अडकल्यासारखं वाटलं. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रींनी पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, कोन सेट गेलाय." म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. मग त्यांनी ब्रेकच्या डिस्कला जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. डिस्क किती झिजेपर्यंत चालते तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. माझ्या डिस्क त्या आकड्याला टेकल्या होत्या. "एकोणीस हजारांत हे होत नाही," एवढंच ते म्हणाले.

आरसी नावावर झाल्यावर मी चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. फेब्रुवारी २०२३ची नोंद निघाली : ५२,८७० किलोमीटर. त्यानंतर काहीच नाही. जुन्या विम्याच्या कागदावरच्या पत्त्यावरून मूळ मालकांपर्यंत पोचलो. ते डॉक्टर नव्हते. गाडी दिली त्या दिवशीचा मीटरचा फोटो त्यांनी मला पाठवला. त्यावर ५४,३१० होते. ते आणखी एकाला मागे बसवून हिमाचलमधल्या स्पितीपर्यंत जाऊन आले होते आणि ते लपवायचं त्यांना काही कारण नव्हतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० मात्र सह्या करून त्यांनी दुकानदाराकडे देऊन टाकले होते, म्हणून आमची दोघांची गाठ पडायची त्याला गरजच उरली नाही.

डिजिटल मीटर फिरवता येत नाही हा माझा समज होता. तो साफ चुकीचा आहे. आकडा मीटरमधल्या मेमरीत असतो, तो बदलता येतो. नाहीतर अपघातात गेलेल्या गाडीचं मीटर काढून बसवतात. आरसीवर किलोमीटर नसतातच, म्हणून एमपरिवहन या सरकारी ॲपवर सगळं स्वच्छ दिसलं तरी त्यावरून काही ठरत नाही.

कोन सेट, डिस्क, फोर्कची ऑइल सील, चेन-स्प्रॉकेट आणि व्हॉल्व्हचं काम धरून मला ९२ हजार खर्च आला. त्याहून जास्त त्रास या गोष्टीचा झाला, की ही गाडी ५४ हजारांची म्हणून योग्य भावात मिळाली असती तर मी आनंदाने घेतली असती. नीट सर्व्हिस झालेली, खरोखर फिरलेली गाडी वाईट नसते. उलट सात वर्षांत १९ हजारच फिरलेली टूरिंगची गाडी दिसली की आधी शंका घ्या. ती उभी राहून तिची सील आणि रबरं तरी सुकलेली असतात, नाहीतर आकडा खोटा असतो.

दुकानदाराचं उत्तर : "आम्ही किलोमीटर लिहून दिलेच नव्हते." खरं आहे. पावतीवर फक्त "जशी आहे तशी" लिहिलंय. १९ हजारांची जाहिरात त्याने काढून टाकली आणि मी तिचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता. पोलिसांत अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. सर्व्हिसची नोंद आणि मूळ मालकांचा फोटो ही दोनच कागदं माझ्या हातात आहेत.

तुम्ही टोकन देण्याआधी आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोला आणि सर्व्हिस सेंटरची नोंद त्यांनाच काढायला सांगा. जाहिरातीचा फोटो ठेवा. आणि पावतीवर दुकानाच्या शिक्क्यासह हे वाक्य लिहून घ्या : "या गाडीच्या मीटरवरील आकडा ... किलोमीटर असून तो खरा आहे, खोटा आढळल्यास पूर्ण रक्कम परत केली जाईल." दुकानदार हे लिहायला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.