टॉकच्या आधी फोंताइन्हास की जुने गोवे?

पणजीत डेव्हलपर कॉन्फरन्सला आलात आणि बॅगेत कॅमेरा असेल, तर सकाळ फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरातच असल्यामुळे पहिल्या टॉकला वेळेत पोहोचता येतं. ऊन गल्लीत उतरण्याआधी पिवळ्या-निळ्या भिंतींचे रंग खरे येतात. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की तयार राहा: सायकल, मागची पावांची टोपली, तिच्यावरचं प्लास्टिक आणि मागे रंगीत भिंत. सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, तेही बघा. मात्र ही लोकांची राहती घरं आहेत. कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका, दारात कुणी असेल तर आधी विचारा.

जुने गोवे दहाएक किलोमीटरवर. घाईत जाण्याची ती जागा नव्हे. शेवटचा टॉक लवकर संपेल त्या दिवशी जा. बॉम जिझस चर्चचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे गिलावा नसलेला जांभा दगड उतरत्या उन्हातच खुलतो. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला, तेव्हा त्याला सकाळच हवी. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून फ्रेम एका बाजूला रिकामी राहते. ती तशीच ठेवा.