आधाराचा कागद: कुणाचं नाव कुठल्या ओळीत?

परीक्षा जवळ आली की अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर लागतं. मन बिघडलं तर कुणाकडं जायचं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. ते ओळीनं लिहून ठेवायचं, तोच हा आधाराचा कागद. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणीला खोली करून राहणाऱ्यांकडं तसे पर्याय बरेच असतात. रूम पार्टनर आहे, घर आहे, कॉलेजचा समुपदेशक, १४४१६ ही हेल्पलाइन, सरकारी दवाखाना, खासगी डॉक्टर. यातला चांगला कोणता, असं विचारून भागत नाही. तो किती वाजता मिळतो, आपली गोष्ट कुणाच्या कानावर जाते आणि त्याच्या हातात नेमकं काय आहे, यावर पारखायचं.

रूम पार्टनर की घर? रूम पार्टनरला दिसतं, हा त्याचा मोठा गुण. मेसचा डबा दोनदा न उघडता परत गेला, पहाटे चारला लाइट चालूच आहे, अंघोळ टळतेय, हे फोनवर कुणाला कळत नाही. पण त्याच्याकडून सल्ल्याची अपेक्षा ठेवू नका. दवाखान्यात सोबत यायचं आणि वाईट रात्री खोलीत एकटं सोडायचं नाही, एवढी दोनच कामं त्याला सांगा. त्यालाही त्याची नेट-सेट नाहीतर एमपीएससी आहे. सगळा भार टाकला तर मैत्री आंबते.

घरचा फोन ‘जेवलास का?’नं सुरू होतो आणि भिजलेल्या सोयाबीनवर संपतो. त्यात आपलं रडगाणं कुठं गायचं, म्हणून पोरं ‘बरंय’ म्हणतात आणि फोन ठेवतात. माझं मत असं की घरातलं एकच माणूस निवडावं, आणि ते आई-वडीलच असलं पाहिजे असं नाही. शिकून आलेला मामा चालतो, लग्न होऊन पुण्याला गेलेली ताई चालते. ऐकल्यावर ते माणूस ‘सगळं सोड, गावाकडं ये’ म्हणेल, देवऋष्याकडं नेईल, की एसटी धरून तुमच्या खोलीवर येईल? तिसऱ्या प्रकारच्या माणसाचं नाव कागदावर लिहा.

समुपदेशक आणि १४४१६ यांची तुलना खरं तर दिवस आणि रात्रीची आहे. समुपदेशक दर आठवड्याला तोच भेटतो. बॅक राहिलेला विषय, गाइडशी बिनसलेलं, वसतिगृहातली कटकट हे त्याला पहिल्यापासून सांगावं लागत नाही. पण संध्याकाळी कक्षाला कुलूप लागतं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. त्यात कोचिंग क्लासही आले, म्हणजे लातूरचे क्लासही. तेव्हा ‘तुमच्याकडं समुपदेशक कोण?’ हे बिनधास्त विचारा.

एक अडचण मात्र आहे. हे काम एखाद्या प्राध्यापकांकडंच जोडून दिलेलं असेल आणि तेच तुमचे अंतर्गत गुण देत असतील, तर तोंड उघडणं अवघड जातं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, ‘मी सांगितलेलं विभागात किंवा घरी कधी कळवता?’ जिवाला धोका दिसला तर कळवू, हे उत्तर योग्यच आहे. बाकी गोलमोल बोलणं आलं, तर तिथं अभ्यासापुरतंच बोला आणि मनातलं दुसरीकडं न्या.

१४४१६ म्हणजे टेली-मानस, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा. चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढं तज्ज्ञाकडं जोडून देतात. दर वेळी तोच आवाज मिळेल याचा भरवसा नाही, त्यामुळं आठवड्याच्या आधारासाठी ही सोय अपुरी. रात्री दोनला मात्र हिच्या तोडीचं दुसरं काही नाही. मन बरं असताना एकदा नंबर लावून बघा, म्हणजे ऐन वेळी भाषा निवडताना गोंधळ होत नाही. ध्यानधारणेची ॲप वापरायची तर वापरा, पण ती या कागदावर नकोत. ॲप कुणाला हाक मारत नाही.

समुपदेशक की थेट डॉक्टर, इथं मात्र घोळ घालू नका. दोन आठवडे झोप-भूक विस्कटलेली आहे, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, नसलेले आवाज ऐकू येतात किंवा मरणाचे विचार येतात, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. मरणाचा विचार आत्ता, या क्षणी डोक्यात असेल तर ओपीडीची वाट बघू नका. कुणाला तरी सोबत घेऊन थेट अपघात विभाग गाठा.

संभाजीनगरला घाटी हे सरकारी रुग्णालय आहे. अंबाजोगाई, लातूर, नांदेडलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. केस पेपरची रांग आणि गर्दी गृहीत धरा. शिकाऊ डॉक्टर आधी सगळी हकिकत विचारतात, मग वरिष्ठ येतात, म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते. झोप, भूक, कधीपासून, आधीची औषधं, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयासारख्या, रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत; वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचं मात्र आधी विचारून घ्या. खासगीत संध्याकाळची वेळ मिळते, डॉक्टर तोच राहतो, गावाकडचं कुणी दिसेल ही धास्तीही कमी. फी आधी फोनवर विचारा, कारण एका भेटीत हे काम संपत नसतं. गुप्ततेचा हक्क दोन्हीकडं सारखाच, तो २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलाय.

कागदावरचा क्रम अमेरिकेतल्या स्टॅन्ली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांच्या सुरक्षा आराखड्यातून घ्यावा. आधी आपली लक्षणं, मग एकट्याला करता येईल ते, मग माणसं, मग डॉक्टर, शेवटी धोक्याच्या वस्तू दूर करणं. पहिली ओळ अशी असू शकते: ‘दोन दिवस मेसला गेलो नाही आणि फोन सायलेंटवर.’ ‘उदास वाटतं’ असं लिहिलं तर ते कधी सुरू झालं, हे तुम्हालाच ओळखू येणार नाही. शेवटच्या ओळीत शेतीच्या औषधांना घरी कुलूप लावायचं आणि किल्ली मामाकडं, असं स्पष्ट लिहा. कागदाचा फोटो रूम पार्टनरकडं आणि घरच्या त्या एका माणसाकडं असू द्या.

सुट्ट्यांसाठी वेगळी ओळ हवी. दिवाळीत समुपदेशक कक्ष बंद, रूम पार्टनर त्याच्या गावी, आणि बरेचदा गोळ्या नेमक्या तेव्हाच संपतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि बरं वाटायला लागलं म्हणून त्या मनानं बंद करायच्या नसतात. निघायच्या आधीच सुट्टीभर पुरतील एवढ्या गोळ्या लिहून घ्या आणि गावाजवळचं जिल्हा रुग्णालय कोणतं, तिथं मनोविकारांची ओपीडी कोणत्या वारी असते, ते विचारून कागदावर लिहा.