ग्रब बसत नाही: ईएसपी हवं की बायोस बूट पार्टिशन?
लिनक्स टाकताना ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) बसत नसेल, तर आधी इन्स्टॉलर कोणत्या मोडमध्ये सुरू झालाय ते बघा. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ फोल्डर दिसलं तर यूईएफआय, नाहीतर जुना बायोस (दोन्ही मशीन चालू होताच आधी चालणारी फर्मवेअर).

यूईएफआयला फॅट३२ मधलं ईएसपी (ईएफआय सिस्टम पार्टिशन, बूटलोडरच्या फाइल्सचं) लागतं. ५१२ एमबी भरपूर झालं. ते बहुधा ‘/बूट/ईएफआय’वर माउंट होतं. शेजारी विंडोज असेल तर तिचंच ईएसपी घ्या, पण फॉरमॅटची खूण काढा, नाहीतर विंडोजचा बूटलोडर गेलाच म्हणून समजा.

बायोस आणि जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) डिस्क ही जोडी जास्त फसवते. तिथे १ एमबीचं, बायोस-ग्रब फ्लॅग लावलेलं पार्टिशन, म्हणजेच बायोस बूट पार्टिशन, हवं. फॉरमॅट नाही, माउंट नाही. ते नसलं की ग्रबच्या कोअर इमेजला (मुख्य भागाला) जागाच मिळत नाही आणि ‘ब्लॉकलिस्ट’ची तक्रार येते. ग्रबही अख्ख्या डिस्कवर टाकायचा, ‘एसडीए’वर, ‘एसडीए१’ या पार्टिशनवर नव्हे.

मशीन दोन्ही मोड चालवत असेल तर सरळ यूईएफआय घ्या.