सेनेसन्स बीटा-गॅल स्टेनिंग किट: पीएच सांभाळलात तर पैसे वसूल

पेशींच्या विभाजनाला चालना देणारे सीडीके४ आणि सीडीके६ हे कायनेज (एक प्रकारची एन्झाइम्स) रोखले की, विभाजनाला लगाम घालणारं आरबी प्रथिन शाबूत असलेल्या पेशींचं विभाजन थांबतं. पी१६ हे ट्यूमर सप्रेसर प्रथिन तेच करतं, पाल्बोसायक्लिब हे कर्करोगावरचं औषधही तेच करतं. अशा पेशी म्हाताऱ्या झाल्यात का, म्हणजे सेनेसन्समध्ये (विभाजन कायमचं थांबलेल्या अवस्थेत) गेल्यात का, हे पाहायला बीटा-गॅल (बीटा-गॅलॅक्टोसिडेज) एन्झाइम निळ्या रंगाने दाखवणारी १९९५ सालची ही पद्धत अजूनही सर्वांत सोपी, आणि तयार किट लहान प्रयोगशाळेला नक्कीच परवडतं.

खरी मेख पीएचची. तो बरोबर ६.० हवा. ५.५ च्या खाली घसरला की लायसोसोममधलं (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमधलं) नेहमीचं बीटा-गॅल एन्झाइमही जोमाने काम करतं आणि तरुण पेशीसुद्धा निळ्या दिसतात. कार्बन डायऑक्साइड द्रावणाचा पीएच खाली आणतो, म्हणूनच प्लेट त्या वायूच्या इनक्युबेटरमध्ये कधीही ठेवू नका. ३७ अंशांच्या साध्या इनक्युबेटरमध्ये, कडा पॅराफिल्मने बंद करून, १२ ते १६ तास ठेवा. कडा उघड्या राहिल्या तर द्रावण सुकतं आणि स्फटिक पडतात.

एक्स-गॅल (निळा रंग देणारं रसायन) डीएमएफ या द्रावकात विरघळवताना पॉलिस्टायरीनची नळी टाळा, ती विरघळते. पॉलिप्रॉपिलीन वापरा. एक्स-गॅलचं अंतिम प्रमाण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. फिक्सेशन (रसायनाने पेशी आहे तशा स्थिर करणं) पाचेक मिनिटंच, जास्त केलंत तर एन्झाइम मरतं.

किटची मर्यादाही मोठी आहे: दाटीने वाढलेल्या पेशीही निळ्या होतात. त्यामुळे औषध न दिलेली प्लेट तितक्याच घनतेची ठेवा आणि पी२१ (विभाजन थांबवणारं प्रथिन) व ईडीयू (नवा डीएनए बनतोय का हे दाखवणारी खूण) तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.