चार लिटरच्या जीप इंजिनाचे ४.६ लिटर : टोलेडोजवळच्या एका मशीन शॉपचा अनुभव

माझ्या १९९८ च्या जीप चेरोकीचे सहा सिलिंडरचे इंजिन तेल पिऊ लागले, तेव्हा ते नुसते रिबोअर करून (म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित मोठे कातून) परत बसवण्याऐवजी त्याचे स्ट्रोकर करून घ्यावे असे मी ठरवले आणि गेल्या हिवाळ्यात ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, ओहायोतील टोलेडोजवळच्या एका छोट्या मशीन शॉपच्या हवाली केला. चेरोकी टोलेडोतच बनत असे, त्यामुळे हे इंजिन शेकड्यांनी हाताखालून गेलेली माणसे या भागात अजून भेटतात.

स्ट्रोकर म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव वाढवलेले इंजिन. जीपच्या बाबतीत हे स्वस्तात जमते, कारण १९९० पर्यंत रँग्लरमध्ये येणारे ४.२ लिटरचे जुने इंजिन याच घराण्यातले आहे आणि दोन्हींच्या क्रँकशाफ्टच्या (पिस्टनची धाव फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या) जर्नलची, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांची, मापे सारखी आहेत. जुना क्रँक नव्या ब्लॉकमध्ये बसतो आणि धाव ८६.७ मिलिमीटरवरून ९८.९ वर जाते. त्यात बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३० थाऊंनी वाढवला की ३.९६ लिटरचे इंजिन ४.५९ लिटरचे होते. (लेथवर आयुष्य काढलेले माझे वडील इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’च म्हणत, म्हणून मीही तसेच लिहितो.) सत्तरच्या दशकातल्या क्रँकला बारा काउंटरवेट (तोल राखणारी वजने) असतात आणि तो बराच जड असतो, मी १९८१ नंतरचा, चार काउंटरवेटचा हलका क्रँक भंगारातून मिळवून दिला होता.

दुकानाच्या मशीनकामाला नाव ठेवायला जागा नाही. होनिंग करताना (सिलिंडर आतून घासून अचूक मापाला आणताना) त्यांनी ब्लॉकच्या माथ्यावर जाड पोलादी टॉर्क प्लेट आवळली, कारण हेडचे (ब्लॉकवरच्या झाकणाचे) बोल्ट आवळल्यावर सिलिंडर किंचित आकार बदलतात आणि मोकळ्या ब्लॉकवर गोल केलेला सिलिंडर गाडीत गोल राहत नाही. बेअरिंगची फट त्यांनी माझ्यासमोर मोजली. जर्नलवर प्लास्टिगेज या फट मोजण्याच्या मऊ प्लास्टिकचा केसासारखा हिरवा धागा ठेवला, बेअरिंगची कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळली, पुन्हा उघडली आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्ट्यांशी लावून पाहिला. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या सहाही रॉडना माप दोन थाऊंच्या आसपास आले. एका कॅपचा धागा एका टोकाला जरा जास्त चपटा दिसताच त्यांनी ती जर्नल पुन्हा पॉलिश केली. मी सांगण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

चूक झाली ती पिस्टनच्या निवडीत, आणि ती बव्हंशी माझी. पैसे वाचवण्यासाठी मी मूळ धाटणीचेच ओव्हरसाइज पिस्टन आणि ४.२ चे आखूड रॉड देऊन आलो होतो. या जुळणीत पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यावरही ब्लॉकच्या माथ्यापासून सुमारे ३० थाऊ खाली राहतो. त्यात हेडखालच्या दाबलेल्या गॅस्केटची जाडी मिळवली की पिस्टन आणि हेड यांच्यातली फट ७० थाऊंच्या पुढे जाते. ही फट ४० ते ५० थाऊ असली तर मिश्रण नीट घुसळले जाऊन झटकन जळते, जास्त असली तर कम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) कमी होऊनही इंजिन ठोके देते, म्हणजे नॉकिंग होते. दुकानदाराने मला माथ्यावर खोल वाटी असलेले पिस्टन घेऊन ब्लॉकचे फेसिंग करण्याचा (त्याचा माथा थोडा कातून खाली आणण्याचा) सल्ला दिला होता. मी नको म्हटले. आता साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चढणीला नॉकिंग ऐकू येते आणि मुकाट्याने महाग पेट्रोल भरावे लागते.

दुकानाकडे बोट दाखवावे अशाही तीन गोष्टी आहेत. जुन्या क्रँकचे पुढचे नाक लांब असल्याने पुली बसवताना मध्ये कडी लागते. हे त्यांना ठाऊक असूनही मला कळले ते इंजिन घरी येऊन पुली हातात घेतल्यावर. मापांचा कागदही तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाला, आणि सहा आठवड्यांचे काम अकरा आठवडे चालले. उलट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टबाबत त्यांनी घेतलेली काळजी वाखाणण्यासारखी होती. हे सपाट लिफ्टरचे इंजिन आहे, म्हणजे लिफ्टर कॅमवर घासत चालतात, म्हणून पहिल्या स्टार्टला जस्तयुक्त तेल घालून वीस मिनिटे २,००० आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका, अशी चिठ्ठी त्यांनी थेट व्हॉल्व्ह कव्हरला दोऱ्याने बांधून पाठवली. इंधन फवारणारे इंजेक्टर मात्र मोठे लागले. ते मी स्वतः बदलले.

डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिन चढवलेले नाही, त्यामुळे मूळच्या १९० अश्वशक्तीचे किती झाले हे आकड्यात सांगणार नाही. मागे ट्रेलर असताना पेनसिल्व्हेनियातल्या ज्या चढावर गिअरबॉक्स हमखास ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) सोडून आरडाओरडा करी, तिथे आता तो गिअर बदलत नाही. वरच्या आरपीएमला फारसा फरक नाही. ज्यांना वेग हवा त्यांनी या खर्चात पडू नये. रिबोअर, क्रँक पॉलिश आणि जुळणीसाठी या दुकानात मी निःशंकपणे पुन्हा जाईन, पण सुटे भाग त्यांनी सांगितलेलेच घेईन आणि मापांचा कागद पैसे देण्याआधी मागेन. खोल वाटीचे पिस्टन आता फळीवर येऊन पडले आहेत. बर्फ पडला की ब्लॉक पुन्हा त्यांच्याकडे फेसिंगला जाईल.